लग्नघाई, वांग आणि बरणीतली जळू

नमस्कार डॉक्टर,

मी ३४ वर्षांची, सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते. धाकट्याच्या वेळेपासून, म्हणजे तीन वर्षं झाली, दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आहे. पार्लरमधून एक बिनलेबलची क्रीमची डबी मिळायची, ती वर्षभर लावली. लावते तोवर चेहरा उजळ, बंद केली की दुप्पट काळा. आता दिराचं लग्न पाच आठवड्यांवर आलंय. आमच्या पार्लरमध्ये दर रविवारी एक थेरपिस्ट येतात, ते चेहऱ्यावर जळू लावतात. अशुद्ध रक्त निघून गेलं की वांग मुळापासून जातं म्हणतात. तीन सिटिंगचे साडेचार हजार, त्यातले हजार मी आगाऊ दिलेत. सासूबाई म्हणतात, त्यात काय एवढं, आमच्या माहेरी गळवाला जळवा लावायचेच. हे म्हणतात, वेडी झालीस का. खूप दुखतं का? डाग राहतो का? आणि हे नको असेल तर ऑनलाइन जळूचं तेल मिळतं, ते मागवू का? सध्या लोहाच्या गोळ्या चालू आहेत, मागच्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.२ आलं होतं.

– स. प.

स. प. ताई,

लग्नघरात कुणाला लांबण ऐकायला वेळ नसतो, म्हणून आधी उत्तर देऊन टाकते. चेहऱ्यावर जळू लावून घेऊ नका. रविवारी जाऊ नका. हजार रुपये परत मागा, मिळाले तर ठीक, नाहीतर पाण्यात गेले समजा.

आता तुम्हाला वाटेल, ही बाई जळवांना नाक मुरडणाऱ्यांतली दिसते. तसं नाही. माझ्या दवाखान्यात खिडकीशी काचेच्या बरण्या आहेत, तोंडाला मलमलचं फडकं बांधलेल्या, आणि त्यांत जळवा आहेत. आयुर्वेदातलं शल्यतंत्र, म्हणजे शस्त्रक्रियेचं शास्त्र, शिकले तेव्हापासून मी जळू लावते आहे. न भरणारी पायाची जखम, फुगलेल्या शिरांपाशी काळवंडून खाजणारी कातडी, ठणकणारं गळू, अशा ठिकाणी तिने मला बऱ्याचदा हात दिलाय. धनत्रयोदशीला आपण ज्या धन्वंतरीला धने-गूळ दाखवतो, त्याच्या ध्यानश्लोकात शंख, चक्र आणि अमृताच्या घटाबरोबर चौथ्या हातात जळूच आहे. माझ्या टेबलावरच्या मूर्तीत ती इतकी बारीक कोरलीय की पेशंटना ती वनस्पतीची मुळी वाटते.

तर माझं भांडण जळूशी नाहीच. ती तुमच्या गालावर आणि तेही पार्लरच्या खुर्चीत लावायला निघालेत, त्याच्याशी आहे.

ती नेमकं काय करते ते आधी ऐका, म्हणजे 'दुखतं का' आणि 'डाग राहतो का' ही दोन्ही उत्तरं त्यातच येतील. बरणीतून काढली की पहिल्यांदा तिला हळदीच्या पाण्यात सोडतात. सुस्त पडलेली असली तरी तिथे ती वळवळायला लागते. मग साध्या पाण्यात. पेशंटची कातडी नुसत्या पाण्याने स्वच्छ करायची, कारण साबणाचा किंवा अत्तराचा वास आला तर ती तोंड फिरवते. (पावडर-क्रीम लावून येणाऱ्या पेशंटवर माझी जळू हमखास रुसते.) तरीही धरत नसेल तर सुईने टोचून रक्ताचा एक थेंब काढतात. तिने धरलं हे ओळखायची खूण सुश्रुतांनी लिहून ठेवलीय: तोंड घोड्याच्या खुरासारखं करते आणि खांदा वर उचलते. इतक्या वर्षांनीही ते वाकलेलं रूप दिसलं की मला ते वर्णन आठवतं. मग तिच्यावर ओलं फडकं घालायचं आणि बसून राहायचं, वीस मिनिटं, पाऊण तास, कधी त्याहून जास्त. दोऱ्याएवढी जळू तोवर करंगळीएवढी होते आणि पोट भरलं की आपणहून गळून पडते.

दुखतं म्हणाल तर पहिल्या क्षणी मुंगी चावल्यासारखं, मग थोडी चुरचुर. घाबरण्यासारखं काही नाही. भानगड तिच्या सुटण्यानंतर सुरू होते. जळूला तीन जबडे असतात आणि त्यांना करवतीसारखे बारीक दात. सुटल्यावर कातडीवर तीन टोकांची चीर राहते, मर्सिडीज गाडीच्या बिल्ल्यासारखी. तिच्या लाळेत हिरुडिन नावाचं द्रव्य असतं, ते रक्त गोठू देत नाही. जळूच्या अर्कात असं काहीतरी आहे हे १८८४ साली जॉन हेक्राफ्ट यांनी दाखवलं, तोवर आपण नुसतं बघत होतो की जखम वाहते. ती वाहतेच. जळू स्वतः पिते पाच ते पंधरा मिलिलिटर, पण ती गेल्यावर चीर कित्येक तास झिरपत राहते, कधी पुढचा अख्खा दिवस. पट्टी रात्रीतून दोनदा बदलावी लागते.

यात मी स्वतः कशी तोंडावर पडले तेही सांगते. इंटर्न होते तेव्हाची गोष्ट. एका आजोबांच्या पोटरीला जळू लावली, वर कापसाची पट्टी बांधली आणि दुपारी घरी पाठवलं. रात्री नऊला त्यांचा मुलगा त्यांना स्कूटरवर बसवून परत घेऊन आला. पायजमा गुडघ्यापासून खाली लाल, चपलेत रक्त. दाबून धरून, पुन्हा पट्ट्या बांधून, मध्यरात्री कुठे ते थांबलं. मग कळलं की आजोबा हृदयासाठी रोज रक्त पातळ ठेवायची गोळी घेत होते. मी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून जळूच्या बरणीला हात लावायच्या आधी माझे प्रश्न ठरलेले असतात: कोणत्या गोळ्या चालू आहेत, हिमोग्लोबिन किती, साखर किती, दिवस गेलेत का, जखम झाली की कातडी गाठीसारखी वाढते का, पूर्वी कधी कापल्यावर रक्त थांबायला त्रास झाला होता का. तुमच्या त्या रविवारच्या थेरपिस्टनी यातलं काय विचारलं? तुमच्या पत्रावरून तरी, सिटिंग किती घेणार एवढंच.

तुमचं हिमोग्लोबिन ९.२ आहे. बाईचं बारा तरी असावं. नवाच्या घरात म्हणजे मध्यम प्रतीचा पंडुरोग झाला, किरकोळ नव्हे. त्यात तुम्ही एकट्या नाही म्हणा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे ५७ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. एकीकडे लोहाच्या गोळ्या गिळून थेंब थेंब रक्त जमवायचं आणि दुसरीकडे हजार-पंधराशे मोजून ते काढून द्यायचं, हा व्यवहार माझ्या तरी डोक्यात बसत नाही. बाकी सगळं सोडा, फक्त हा आकडा बघूनही मी तुम्हाला माझ्या खुर्चीत बसवलं नसतं.

आता मुख्य मुद्दा, वांगाचा. वांग म्हणजे कातडीतला रंग जास्त झालेला असतो. हा रंग बनवणाऱ्या पेशी कातडीच्या सगळ्यात वरच्या पापुद्र्याच्या तळाशी बसलेल्या असतात आणि बनवलेला रंग वरवर ढकलत राहतात. बाळंतपणातले हार्मोन, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्यातला कल आणि सगळ्यात जास्त ऊन, यांनी त्या चेकाळतात. या वरच्या पापुद्र्यात रक्तवाहिनी नावालाही नसते. काही जणींत रंग खालच्या थरातही उतरतो, पण तिथेही तो रक्तात तरंगत नसतो, कातडीच्या पेशींत अडकलेला असतो. जळू पिते ते रक्त. रंगाला ती तोंडही लावत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

त्याहून वाईट पुढे आहे. आपली गव्हाळ-सावळी कातडी कुठेही दुखावली की तिथे काळी पडते. मुरूम फोडला की डाग, भाजलं की डाग, ओठावर वॅक्स करताना सोललं की डाग. वांग असलेल्या गालावरच्या रंगपेशी तर आधीच चिडलेल्या असतात. तिथे तीन टोकांची चीर पाडायची आणि रंग कमी होईल म्हणून वाट बघायची? माझ्याकडे एक मुलगी आली होती, सव्वीस-सत्तावीसची, कुठल्याशा पार्लरमध्ये गालावर तीन जळवा लावून घेतल्यावर तिसऱ्या दिवशी. एक जागा सुजून गरम, पू धरलेला. तो औषधाने आठवड्यात आटोक्यात आला. पण तीन तपकिरी तिकोने गालावर राहिले, ते पुसट व्हायला वर्ष गेलं. वांग होतं तिथेच होतं. तुमच्या घरच्या लग्नाला पाच आठवडे आहेत, आणि नवी जखम गडद होते ती साधारण त्याच सुमाराला. फोटोत काय येईल ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा.

पू का झाला, तेही सांगते, कारण 'जळू नैसर्गिक आहे, तिने काय अपाय होणार' हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकवतील. जळूच्या पोटात एरोमोनास जातीचे जंतू असतात. प्यालेलं रक्त पचवायला ते तिला मदत करतात, म्हणजे घरचेच आहेत. तिच्या पोटात त्यांचा त्रास नाही, आपल्या जखमेत उतरले की त्रास. म्हणून मोठ्या रुग्णालयांत जळू लावताना पेशंटला आधीपासून अँटिबायोटिक चालू ठेवतात. आणि म्हणूनच चिकटलेल्या जळूवर मीठ, तंबाखू, काडी पेटवून धरणं, यातलं काही करायचं नसतं. ती हडबडून पोटातलं जखमेतच ओकते. हे आंबोलीच्या नाहीतर कोयनेच्या जंगलात पावसाळ्यात ट्रेकला जाणाऱ्या पोरांनीही ऐकून ठेवा. तोंडाकडची बारीक बाजू शोधायची, कातडीला नख लावून हलकेच सरकवायचं, मग मागची जाड बाजू. ओढायचं नाही. सुश्रुतांनी न सुटणाऱ्या जळूच्या तोंडावर सैंधव भुरभुरायला सांगितलंय हे मला ठाऊक आहे. तिथे मी ग्रंथाचं ऐकत नाही, वाट बघते.

त्या जळवा येतात कुठून, हाही प्रश्न विचारायला हवा होता. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाचा तेरावा अध्याय अख्खा जळवांवर आहे. जळवांच्या बारा जाती सांगितल्यात, सहा विषारी आणि सहा बिनविषारी. मेलेले मासे, बेडूक आणि घाण कुजलेल्या गढूळ पाण्यातल्या त्या विषारी. कमळं फुलतात अशा स्वच्छ पाण्यातल्या त्या चांगल्या. बरणीचं पाणी दर तीन दिवसांनी बदला, भांडं दर सात दिवसांनी. त्या काळात जंतू कुणी पाहिले नव्हते, पण माणसं डोळे उघडे ठेवून बघत होती. आता तुमच्या गावी रविवारी येणारी जळू म्हशी डुंबतात त्या तळ्यातली आहे की पाळलेली, आणि मागच्या रविवारी ती कुणाच्या गालावर होती? जळू एकदा पोटभर प्यायली की ते रक्त तिच्या पोटात महिनोन्‌महिने राहतं. आमच्याकडे हळद टाकून तिला वमन करवतात, पोट रिकामं करतात, तरी माझ्याकडे एका पेशंटची जळू दुसऱ्याला लागत नाही. बरणीवर नाव आणि तारीख असते. पार्लरमध्ये एकाच डब्यात दहा जळवा वळवळत असतील तर तिथून चप्पल घालून सरळ बाहेर.

'अशुद्ध रक्त' या शब्दाबद्दलही बोलायला हवं, कारण त्यावर माझ्याच शास्त्राचा शिक्का मारून विकलं जातं. आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट, त्यांनी म्हटलंय की हंस जसा दूध-पाण्यातलं दूध वेचून घेतो, तशी जळू मिसळलेल्या रक्तातलं दूषित रक्त आधी पिते. उपमा देखणी आहे, मला आवडते. पण जळूच्या तोंडात प्रयोगशाळा नसते, दाताखाली येतं ते रक्त ती पिते. पायाच्या फुगलेल्या शिरेपाशी रक्त खरंच तुंबून काळं झालेलं असतं, तिथे ते काढल्याने सूज उतरते, हे मी रोज बघते. त्याला दूषित म्हणा, तुंबलेलं म्हणा. तुमच्या गालातलं रक्त मात्र तुमच्या करंगळीत फिरतं तेच आहे. मिनिटभरात ते सगळ्या अंगातून फिरून येतं. गालावरून चमचाभर काढून आतलं काही 'शुद्ध' होत नाही.

आणि हो, लपवायचं कशाला? ग्रंथात व्यंगासाठी, म्हणजे वांगासाठी, रक्तमोक्षण, म्हणजे रक्त काढणं, सांगितलेलं आहे. सुश्रुतांनी शीर टोचून रक्त काढायला सांगितलंय. पार्लरवाले हे तुम्हाला सांगतील तेव्हा तुम्ही गांगरू नये म्हणून मीच सांगते. पण त्याच विषयात वाग्भटांनी मंजिष्ठा मधात कालवून लावायला, अर्जुनाची साल लावायला सांगितलंय, त्यात कुणाला साडेचार हजार दिसले नाहीत म्हणून त्याचं फेशियल निघालं नाही. ग्रंथात आहे म्हणून आजच्या प्रत्येक गालावर ते करायलाच हवं असं आम्हाला आमच्या गुरुजींनी शिकवलं नाही. रोगी बघ, बळ बघ, काळ बघ, मग हात लाव, हे शिकवलं.

मग ही जळू चेहऱ्याच्या सौंदर्यात आली कुठून? २००८ साली डेमी मूर या हॉलिवूडच्या नटीने टीव्हीवरच्या गप्पांत सांगितलं की ऑस्ट्रियात जाऊन तिने रक्तशुद्धीसाठी जळवा लावून घेतल्या. त्या गालावर नव्हत्या, पण बातमी सुटली ती सुटलीच. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये याहून मोठी लाट येऊन गेली होती. ब्रूसे नावाच्या डॉक्टरच्या नादाने लोक कशालाही जळू लावत, इतक्या की एकट्या १८३३ साली त्या देशाने चार कोटींवर जळवा बाहेरून आणल्या. युरोपातल्या तळ्यांतून ती नाहीशी व्हायला लागली आणि आज तिथली औषधी जळू व्यापारावर निर्बंध असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. माणसाची हौस, दुसरं काय.

आधुनिक शस्त्रक्रियेत तिला खरा मान मिळाला तो वेगळ्याच कामाने. तुटलेलं बोट किंवा कान परत जोडताना सर्जन शुद्ध रक्ताची धमनी जोडतात, पण परत नेणाऱ्या शिरा इतक्या नाजूक असतात की कधी जोडल्याच जात नाहीत, कधी लगेच गोठतात. रक्त येत राहतं, जायला वाट नाही, बोट निळं-जांभळं होऊन कुजायला लागतं. तिथे जळू लावली की ती वाट करून देते, आणि चार-आठ दिवसांत नव्या शिरा फुटेपर्यंत भाग जिवंत राहतो. १९६० साली आताच्या स्लोव्हेनियातल्या दोन सर्जननी याबद्दल लिहिलं. १९८५ मध्ये बोस्टनला कुत्र्याने तोडलेला एका लहान मुलाचा कान जोसेफ अप्टन यांनी जोडला, तो जळवांमुळे वाचला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली तिला परवानगी दिली तीही याच कामासाठी, आणि गंमत म्हणजे औषध म्हणून नव्हे, वैद्यकीय उपकरण म्हणून! म्हणजे चिमट्या-कात्रीच्या रांगेत. मला ते फार पटलं. उपकरण म्हटलं की ते कुणाच्या हातात आहे हा प्रश्न आपोआप येतो.

तुमच्या तेलाचं दोन ओळींत आटपते. जळूची करामत तिच्या ताज्या लाळेत असते, आणि ती लाळ चीर पाडून आत सोडली जाते. हिरुडिन हे प्रथिन आहे. मेलेली जळू तेलात उकळली की त्याचं जे व्हायचं ते होतं, आणि टिकलंच तरी एवढा मोठा रेणू धडधाकट कातडीतून आत शिरत नाही. वांगाला नको, केसांना नको. चंपीच करायची तर खोबरेल आहे की घरात.

आता पाच आठवड्यांत काय करायचं ते. सगळ्यात आधी ती बिनलेबलची डबी. 'लावते तोवर उजळ, सोडली की दुप्पट' हे वाक्य वाचूनच मला शंका आली की त्यात स्टिरॉइड आहे. वर्षभर लावलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, उन्हात चरचरतं. (अशा पातळ कातडीवर जळू! विचार करूनच माझ्या पोटात गोळा येतो.) काही डब्यांत पारा असतो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं पार्लरमधल्या गोरेपणाच्या क्रीमने बिघडल्याच्या बातम्या २०२३ साली आल्या होत्या, तपासणीत क्रीममध्ये पारा निघाला. तेव्हा डबी फेकू नका, पिशवीत घाला आणि सांगलीला किंवा मिरजेला त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना बरोबर न्या. पाय सुजत असतील, लघवीला फेस येत असेल तर तेही सांगा, साधी लघवीची तपासणी करून घ्या. हो, मी वैद्य असून तुम्हाला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवते आहे. वर्षभर स्टिरॉइड लावलेला चेहरा आधी त्यांनी बघावा.

ते बहुधा रात्री लावायचं मलम देतील. तीन औषधं एकत्र असलेलं एक मलम वांगाला चालतं, पण त्यातही थोडं स्टिरॉइड असतं, म्हणून ते मोजके आठवडे आणि त्यांच्या नजरेखाली. तेच नाव चिठ्ठीवर लिहून पुढच्या वर्षी मेडिकलमधून स्वतः आणलंत की पुन्हा डबीच्याच वाटेला लागाल. अझेलिक ॲसिड हा सौम्य पर्याय आहे. काहींना ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या देतात. बघा कशी मजा, ते मुळात रक्तस्राव थांबवायचं औषध, जळूच्या बरोबर उलटं. ती गोळी सुचवली तर तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेता का आणि पायात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, हे विचारायच्या आधी सांगा.

यातलं काहीही तुम्ही उन्हाचं बघितलं नाहीत तर फुकट. आणि 'मी कुठे उन्हात जाते' हे मी ऐकून घेणार नाही. दोरीवर कपडे वाळत घालताना, पोराला शाळेत सोडताना, गच्चीवर पापड राखताना ऊन लागतंच. वांगाला नुसती अतिनील किरणं नव्हे, डोळ्यांना दिसणारा उजेडही भिडतो, म्हणून सनस्क्रीन पांढरं न घेता कातडीच्या रंगाचं, लोहाचा ऑक्साइड घातलेलं घ्या, एसपीएफ ३० च्या वर. दोन बोटं भरून, चेहरा आणि मान मिळून. सकाळी एकदा लावून संध्याकाळपर्यंत चालत नाही, दुपारी पुन्हा. वर स्कार्फ आहेच.

पाच आठवड्यांत वांग जाणार नाही. दोन-तीन महिने लागतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात ते डोकं वर काढू शकतं. हे आत्ताच सांगते, नाहीतर तुम्ही माझ्यावर रुसून पुन्हा रविवारची वाट धराल. पण फिकट व्हायला सुरुवात होईल, आणि लग्नाच्या दिवशी नारिंगी छटेचं कन्सीलर पातळ लावून वर मेकअप केला की ते बऱ्यापैकी झाकतं. तोवर ब्लीच नको, पील नको, वरच्या ओठाला वॅक्स नको. हळदीच्या दिवशी जावा-नणंदा लिंबू पिळलेली हळद गालावर खसाखसा चोळतील, त्यांना हातापायाला लावू द्या, गालाला नुसतं बोट.

हिमोग्लोबिनचं विसरू नका. ९.२ का झालं ते शोधायला हवं. पाळी जास्त जाते का? गोळी चहाबरोबर घेता का? चहाने लोह अंगी लागत नाही. जेवणात लिंबू पिळा, गोळी लिंबू सरबताबरोबर घेतलीत तरी चालेल. लग्नाच्या धावपळीत तुम्हाला चेहऱ्याआधी दम लागेल.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या माहेरचं बरोबर होतं. गळवाला जळू लावणं मला मान्यच आहे, आणि त्यांच्या घोट्यापाशी कधी कातडी काळी पडून खाजत असेल, तर त्यांना माझ्याकडे घेऊन या. येताना चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि एक जुना टॉवेल आणा.